बर्फीवरचा वर्ख

"ह्यो वर्ख घशात अडकत न्हाई न्हवं?" राजेश्वरीनं तासगावच्या मिठाईवाल्याला दुसऱ्यांदा विचारलं.

"आवं वैनी, खरं सोनं हाय, पर लय पातळ. जिभंवरनं कवा गेलं कळतबी न्हाई. पण तुमच्या मामांस्नी शुगर हाय की! बर्फी कुणाला?"

"बर्फी कुणीबी खाईल. मला वर्ख पायजे."

घरी तिचे सासरे, आकाराममामा, शेवटाला आले होते. उशाशी मोबाईलवर हळू आवाजात कीर्तन लावलं होतं. जाणाऱ्याच्या तोंडात सोनं द्यायची घरची रीत. सासूबाईंनी सोन्याचा मणी काढूनही ठेवला होता. पण श्वास चालू असताना मणी घशात गेला तर काय, म्हणून कुणाचा हात पुढं होईना. राजेश्वरीनं बर्फीवरचा वर्ख नखानं खरवडला, तुळशीच्या पानावर घेतला आणि मामांच्या जिभेवर टेकवला.

जीभ हलली. "ग्वाड हाय गं," एवढंच ते म्हणाले आणि शांत झाले.

 

बारा वर्षं त्यांच्या ताटातलं गोड उचलून घेणारी राजेश्वरी, ती उघडी बर्फी हातात धरून तशीच बसून राहिली.