कोकिळाबाई बसत नाहीत

वाचकहो, म्हसळ्याच्या अलीकडील एका गावात भरसकाळी घडलेला प्रसंग पुढे कथन करीत आहे. तो वाचून कोणास संताप आल्यास त्याने तो आवरू नये, ही नम्र विनंती.

कोकिळाबाई अंगणात व्यायाम करीत होत्या. कंपवाताने त्यांचा उजवा हात सदैव थरथरे आणि चालता चालता पाय जमिनीस चिकटून बसत. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी अंगणात जागोजागी काठ्या आडव्या मांडल्या होत्या. समोर काठी दिसली की पाय आपसूक उचलला जाई. "एक, दोन" असे मोठ्याने म्हणत, हात झुलवीत, त्या काठ्या ओलांडीत होत्या. "रोज चालाल तर चालत्या राहाल," असे डॉक्टर म्हणाले होते. गोळीइतकेच ते वाक्यही त्या नेमाने घेत.

तोच शेजारची रंगू फाटक लोटून आत शिरली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पाट.

"थांब आई, थांब! अंगात आलंय तुज्या, अन् अशी नाचतेस काय? पाटावर बस. माज्या शुभमचं लगीन कवा जमंल, तेवढं सांग."

बोलता बोलता तिने नारळ-पाट खाली ठेवून काठ्या गोळा करून कुंपणाशी फेकल्यासुद्धा.

कोकिळाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी सासऱ्यांनी घरातील देव्हारा काढला होता. आणि आज त्याच घरच्या सुनेची देवी होऊ घातली होती!

"रंगू, हा आजार हाय. गोळी घेतली की कमी व्हतो. तुजी देवी गोळीनं कमी व्हते काय?"

"देवीच बोलते ही," रंगूने हात जोडले.

गलका ऐकून मुलगा विवेक पडवीत आला. तो न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरीस असून सुट्टीवर आला होता. कुंपणाबाहेर थबकलेल्या बायका पाहून तो शरमला.

"आई, पुरे झाली तुझी कवायत. उद्यापासून बंद. लोक तमाशा बघतायत. आत येऊन खुर्चीत बस."

एकीस त्यांना भक्तीने बसवायचे होते, दुसऱ्यास लाजेने. आजारास तरी आणखी काय हवे होते?

"बसले तर उठंन का रं मी पुन्हा?" त्या कडाडल्या आणि रागाने निघाल्या. परंतु समोर काठी नव्हती. अंग पुढे झुकले, पाय जागीच खिळले.

"बघ, हलता पण येत नाही!" विवेक धरावयास धावला.

"हात लावू नको!"

रंगूने तेवढ्यात त्यांच्या पावलांपुढे नारळ ठेवला आणि ती अदबीने मागे सरली.

कोकिळाबाईंची नजर नारळावर पडली. गुडघा वर आला. पाऊल उंच उचलले गेले आणि नारळावरून पलीकडे टेकले. मागोमाग दुसरे. रंगू किंचाळली. विवेकचे पुढे आलेले हात तसेच राहिले.

"दोन," कोकिळाबाई म्हणाल्या. मग त्यांनी कुंपणाबाहेरच्या बायकांकडे पाहिले.

"आनी कुनी नारळ आनलाय का? मांडा पुढं."

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचा ऋणी,
भागोजी अंबाजी मोहिते