उदगीरहून धार

माझी बायको महानंदा गेली, हे आमच्या चंद्री गायीला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. महानंदा रोज मला रागवत रागवत धार काढायची. त्या दिवशी गोठा गप्प होता आणि चंद्रीनं पान्हा चोरला. दोन महिने तेच. वासराला पाजायची, मला लाथ मारायची. शेवटी मी तिला बाजारात न्यायचं ठरवलं.

माझा पोरगा अमरेश पुण्याच्या कंपनीचं काम इथं देवणीत, घरी बसून करतो. नेटवर्क फक्त गोठ्यात येतं, म्हणून लॅपटॉप घेऊन तिथंच बसतो. बाजाराच्या दिवशी सकाळी मी शेवटचं म्हणून बादली घेऊन चंद्रीजवळ बसलो. तेवढ्यात त्याच्याच कंपनीतली सुकन्या उदगीरहून, तिच्या घरून, लॅपटॉपमधून कडाडली, "अमरेश, कालचं काम झालं न्हाई? नुसतं बसून राहिलास का तिथं?"

चंद्रीनं कान टवकारले. बादलीत धार वाजली!

"पोरी, थांबू नको! आणखी रागव!" मी ओरडलो.

"कुणाला, काका?"

"ह्यालाच!"

"अप्पा, मीटिंग चालू हाय!" अमरेश म्हणाला.

"मंग? धार बी चालू हाय!"

आता रोज सुकन्या उदगीरहून रागवते आणि देवणीत बादली भरते. अमरेश मुद्दाम काम अर्धवट ठेवतो, असा मला संशय आहे.

चंद्रीला सून पसंत आहे.


सुकन्याला विचारायचं तेवढं राहिलंय.