रुसव्याची फेरी

"मग, नेहमीसारखंच?" बायकोने विचारलं.

"नेहमीसारखंच. तू उजवीकडून, मी डावीकडून."

गाडी धरणाच्या भिंतीपाशी उभी होती. समोर जलाशय, भोवती डोंगर आणि पाण्याला वळसा घालून पुन्हा इथेच येणारी पायवाट. सकाळचं धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं.

ही दोघांची जुनी रीत. लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या भांडणात तो तरातरा एका बाजूला निघाला होता आणि ती दुसऱ्या बाजूला. वाट गोल, जाणार कुठे? पलीकडच्या टोकाला, बाकापाशी दोघं समोरासमोर आली आणि हसत सुटली. तेव्हापासून भांडण हाताबाहेर गेलं की रुसव्याची फेरी ठरलेली. नियम एकच, निघाल्यावर मागे वळून पाहायचं नाही. जो वळला तो हरला. आणि हार मानण्यात दोघंही सारखीच कच्ची.

या खेपेचं भांडण मात्र बाकावर मिटणारं नव्हतं. बायको घर सोडून मुलीकडे राहायला जाणार होती. "मला आता शांतपणे जगायचंय," एवढंच म्हणाली होती. आदळआपट नाही, रडारड नाही. ती खरंच जाणार हे त्याला त्यावरूनच कळलं.

ती गेली असती तर त्याने कसंबसं सोसलं असतं. पण मायलेकी एकत्र झाल्या की ठकू त्याला कायमची दुरावणार होती. ठकू म्हणजे मुलगी. मोठ्या हुद्द्यावर होती, माणसं हाताखाली राबवत होती, पण त्याच्यासाठी अजून ठकूच. तिच्यावर त्याचा इतका जीव होता की त्याचं त्यालाच कधीकधी भय वाटे.

निवृत्त होईपर्यंत या वाटेची देखभाल त्याच्याकडेच होती. उजव्या बाजूला ओढ्यावर लाकडी पूल आहे, खाली खोल घळ आणि खडक. त्या पुलाची कुठली फळी कुठल्या बोल्टवर तगून आहे, हे त्याला तोंडपाठ होतं. काल दुपारी तो पाना घेऊन तिथे जाऊन आला. फळ्या होत्या तशा दिसत होत्या, फक्त त्यांना आता कशाचा आधार नव्हता. सुट्टी नसली की या वाटेवर चिटपाखरूही फिरकत नाही. पूल जुनाच होता, लोक हळहळले असते आणि विसरले असते.

संध्याकाळभर त्याचं मन त्याला खात होतं. उठावं, जावं, बोल्ट पुन्हा आवळून यावेत. पाणी प्यायला म्हणून तो स्वयंपाकघरात गेला, तर बायको फोनवर कुजबुजत होती. त्याला पाहताच तिने फोन ठेवला.

"कोण, ठकू?"

"हो. काही नाही, सहजच."

पोरीचे कान भरतेय, त्याने ओळखलं. मग तो पुन्हा उठला नाही.

"जॅकेट घाल, गारठा आहे," तो आता सवयीने म्हणाला.

"घातलंय की," ती म्हणाली. पिवळंधमक जॅकेट होतं, तरी त्याचं लक्ष नव्हतं. तिचं लक्षही धड नव्हतं. नजर सारखी फाटकाजवळच्या बंद कॅन्टीनकडे जात होती.

"सांभाळून जा," तो म्हणाला आणि चालू लागला. रुसव्याच्या फेरीला असं कधी कुणी म्हणालं नव्हतं.

वाट झाडीतून वर चढत होती. मागे कुठेतरी एक दगड गडगडला. त्याची मान वळू पाहत होती, त्याने ती वळू दिली नाही. आज तरी हरायचं नव्हतं.

झाडी संपली तिथून पलीकडचा काठ दिसू लागला. धुकं विरळ झालं होतं आणि त्यातून पिवळा ठिपका पुढे सरकत होता. आज बाई भलतीच झपझप चालली होती. एरवी गुडघ्यांच्या नावाने ऊठसूट कुरकुर असायची. घर सोडायची घाई, दुसरं काय, असं म्हणून त्याने मन घट्ट केलं.

ठिपका ओढ्याजवळच्या झाडांत शिरला. ओढा ओलांडला की वाट उघड्या कातळावर येते. तो कातळाकडे पाहत राहिला. ओढ्यावरून बगळ्यांचा थवा एकदम उठला, पाण्यावर एक घिरटी घालून लांब निघून गेला.

कातळावर कुणी आलं नाही.

त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त रडू आलं. खोटं नव्हतं ते, उभा जन्म दोघं एका ताटात जेवली होती. डोळे पुसत तो बाकापर्यंत पोचला आणि बसला. नवऱ्याने इथेच बसून वाट पाहायची असते. मग शोधायला निघायचं, मग फोन करायचे. ठकूला आधी करायचा. ती धावत येईल, बापाच्या गळ्यात पडेल. तिला म्हणायचं, आता आपण दोघंच गं.

मागून खांद्यावर हात पडला.

"हरले बाई मी," बायको म्हणाली. तिला धाप लागली होती. अंगावर नुसता स्वेटर होता. "सगळी वाट तुमच्या मागून आले. एकदा तरी वळून पाहायचंत."

तो त्या स्वेटरकडे बघत राहिला.

"असे काय बघताय? काल फोनवर तिनेच समजूत घातली माझी. म्हणाली, बाबांना एकटं टाकू नकोस. तू त्यांच्या मागोमाग जा, तुझ्या वाटेने मी येते, बाकावर दोघांचा रुसवा काढते." ती हसत उजवीकडच्या वाटेला वाकून पाहू लागली. "कॅन्टीनमागे कुडकुडत बसली होती वेडी. माझं जॅकेट घातलं तिला. अजून कशी आली नाही हो?"