घरचे फोटो घरातच

उत्तनच्या ख्रिस्ती लेस्लीशी लग्न केल्यापासून खारी गावातल्या तिच्या बाबांनी दीप्तीशी बोलणं टाकलं होतं. आज त्यांचाच फोन आला आणि तिला आभाळ ठेंगणं झालं.

"घरचे फोटो घरातच राहावेत म्हणून तू कॉम्प्युटरवर ते फोटोंचं अ‍ॅप टाकून गेलीस ना, कंटेनर म्हणून वेगळा कप्पा केलास त्यात? त्यातून एका माणसाचे सगळे फोटो कसे काढून टाकायचे?"

बाबांचं काकांशी जागेवरून बिनसलं होतं, त्यांचेच असणार. तिने सांगितलं, चेहरा निवडा, सगळे फोटो येतील, मग डिलीट करा.

"कंटेनर परत चालू केला की येतील?"

"बॅकअपमधून येऊ शकतात, बाबा." फोन लांबावा म्हणून तिने बॅकअपही पुसायला शिकवलं.

"झालं," बाबा म्हणाले. "आता तुझी आई लपूनछपून तुला बघत बसायची नाही."