रिकामा कप्पा

अल्बमचा शेवटचा कप्पा भरला आणि कारखानीसांची झोप उडाली.

फ्रान्सची एकोणिसाव्या शतकातली सोन्याची नाणी जमवण्यात त्यांची हयात गेली होती. दर रविवारी पोरवालशेठच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात जायचं, "आलं का?" विचारायचं, "मिळेल हो, बसा," ऐकायचं आणि चहावर गप्पा हाणायच्या. गेल्या रविवारी शेठनी देवदूताच्या छापाचं ते शेवटचं नाणं पुढ्यात ठेवलं आणि विचारायचं काही उरलंच नाही.

आज पुन्हा रविवार. त्यांनी तोच पेपर दोनदा वाचला, फ्रिज उघडून नुसताच बंद केला.

"अहो, बसा की एका जागी! पायाला भिंगरी लागलीय का?" बायको वैतागली.

शेवटी कप्प्यातलं ते नाणं खिशात टाकून त्यांनी दुकान गाठलं.

"शेठ, हे अस्सल वाटत नाही. परत घ्या, दुसरं शोधा."

पोरवालशेठचा माल खोटा म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

शेठनी भिंगाला हातही लावला नाही. नाणं खणात टाकून त्यांनी बशीने झाकून ठेवलेला चहाचा दुसरा कप पुढे सरकवला.

"मिळेल हो," ते म्हणाले. "बसा."