इर्माशी कुणी बोलत नव्हतं

सातवा डाव संपवून इर्मा कुबियाक बाकावर येऊन बसली, तशा शेजारच्या दोघी उठून पार टोकाला सरकल्या. तिसरीनं पाण्याचा मग तिच्या हाताशी ठेवला आणि मान फिरवून निघून गेली. प्रेक्षकांत कुजबुज झाली. समोरच्या संघाला अजून एकही हिट मिळालेली नव्हती; फटका मारून एकीलाही पहिला बेस गाठता आला नव्हता. अशा वेळी चेंडू टाकणाऱ्या पिचरशी बोलायचं नसतं, तिच्याकडे बघायचं नसतं, फळ्यावरच्या शून्याचं तर नावही काढायचं नसतं. बोललं की दृष्ट लागते. बेसबॉल खेळणारं शेंबडं पोरसुद्धा हे पाळतं.

लोकांना वाटलं, केवढा मान ठेवतात पोरी हिचा. लोकांचं काय, त्यांना लांबून सगळं गोडच दिसतं. इर्माशी महिना उलटून गेला तरी कुणी बोलतच नव्हतं.

झालं होतं ते असं. लॉरेन प्रुइट तिच्या खोलीतली जोडीदार. हसरी, सगळ्या संघाची लाडकी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुरुष लढाईवर गेले तेव्हा सुरू झालेली ही मुलींची लीग लढाई संपल्यावरही टिकली होती, आणि तिचे नियमही टिकले होते. खेळायचं ते स्कर्ट घालून, घसरताना मांड्या सोलवटल्या तरी. लिपस्टिक लावल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही. रात्री ठरल्या वेळी खोलीत हजर. या सगळ्यावर नजर ठेवायला संघाबरोबर एक बाई. एकदा लॉरेन मित्राबरोबर नाचायला गेली आणि वेळेत परतली नाही. बाईंनी इर्माला विचारलं, कुठे आहे ती? इर्मा खोटं बोलायला गेली की आधी तिचे कान लाल होतात. तिनं खरं ते सांगून टाकलं. लॉरेनची दुसऱ्या दिवशी घरी रवानगी झाली.

तेव्हापासून बसमध्ये इर्माच्या शेजारची जागा रिकामी. जेवताना तिनं मीठ मागितलं तर बशा सरकवत मीठ तिच्यापर्यंत यायचं, शब्द यायचा नाही. बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी कॅचर थेल्मा व्हॉस ही लॉरेनची जिवाभावाची मैत्रीण. ती तर इर्माशी फक्त बोटांनी बोलायची. गुडघ्यांच्या आडून एक बोट म्हणजे वेगाचा चेंडू, दोन म्हणजे खाली पडणारा.

इर्मानं मनाशी ठरवलं, असं खेळायचं की त्यांना माफ करावंच लागेल. इथंच तिचं चुकलं. थेल्माचं तोंड उघडायचं ते फक्त चुकीला. एखादीनं भलताच चेंडू टाकला की ती तरातरा चालत यायची आणि सगळ्यांसमोर तिची बिनपाण्यानं करायची. बाकीच्या पिचर तिच्या नुसत्या उठण्याला घाबरत. पण इर्माचा प्रत्येक चेंडू मागितला तिथंच पडत होता. ती जितकं चांगलं टाकत गेली, तितकी तिच्याशी बोलायची कुणाला गरजच उरली नाही. मागच्या आठवड्यात तिनं एकटीच्या जोरावर सामना काढला. पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या आणि बसकडे गेल्या. इर्मानं आपला स्वेटर उचलला आणि मागून चालत राहिली.

आठव्या डावात तिसरा बेस राखणाऱ्या पोरीनं अंग झोकून देऊन एक चेंडू अडवला. हिट टळली. तिची मांडी रक्तबंबाळ झाली. इर्मा जवळ गेली, तर तिनं जखमेवर रुमाल दाबला आणि दुसरीकडे बघितलं. हे रिवाजापोटी की रागापोटी? आज ते ओळखायचीही सोय नव्हती.

नववा, शेवटचा डाव. समोरच्या दोघी बाद झाल्या, तिसरी गेली की संपलं. पाच धावांची आघाडी, सामना खिशात होता. शेवटची बॅटर केंटकीची, उंच, ताकदीची. तिला खालचा चेंडू लागायचा नाही आणि छातीच्या उंचीचा कधी चुकायचा नाही, हे अख्ख्या लीगला ठाऊक होतं. कारखान्यांतून थेट सामना बघायला आलेली माणसं उठून उभी राहिली. शेंगदाणेवालासुद्धा गप्प झाला. इर्माला वाटलं, आता सगळ्या गावानंच आपल्याशी अबोला धरलाय.

थेल्मानं दोन बोटं दाखवली. हातमोजा जमिनीलगत धरला. इर्मानं मान डोलावली. तिची नजर बाकाकडे गेली. सगळ्या आपापल्या बुटांकडे बघत होत्या. हा एक चेंडू पडला की मिठ्या होतील, मग बस, मग शेजारची ती रिकामी जागा. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं.

तिनं चेंडू टाकला. तो सरळ, सावकाश, छातीच्या उंचीवर गेला.

बॅटचा आवाज झाला. चेंडू उजवीकडच्या गवतात, अडवायला धावलेल्या दोघींच्या मधोमध पडला. हिट झाली. अख्खं मैदान हळहळलं.

थेल्मानं तोंडावरची जाळी काढून आपटली आणि तरातरा चालत आली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? खालचा मागितला होता मी, खालचा. हिला वर द्यायचा नाही हे माझ्या आजीलाही कळतं. त्या पोरीनं मांडी फोडून घेतली ती कशासाठी? सगळ्यांची मेहनत मातीत घातलीस. गाढव कुठली."

इर्माचे रंगवलेले ओठ थरथरायला लागले. डोळे भरून आले. ते पाहून थेल्मा जरा वरमली आणि गप्प झाली.

मग तिनं पुटपुटत विचारलं, "आता गुळणी धरून का उभी? काही म्हणायचंय का तुला?"

"थांबू नकोस," इर्मा म्हणाली. "बोल ना, थेल्मा. अजून बोल."