पलीकडे पोचलेले

फुटपाथ आज आणखी वीतभर अरुंद झाला होता. कालची माणसं मोजून रस्ता रोज पहाटे आपले पट्टे स्वतःच नव्याने आखायचा. चालणारे घटले की फुटपाथ घटायचा, रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा वेळही आखडायचा. काठी टेकून उभ्या असलेल्या निवृत्त अभियंता हेमांगी तारळेकरांचा हिरवा दिवा तिसऱ्यांदा हुकला.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हो हे?" शेजारच्या फुलवाल्या सगुणाबाई वैतागल्या. "आपण रोज इथं ताटकळतो, ते मोजत नाही का हा मेला?"

"नाही. पलीकडे पोचेल तोच मोजायचा, असं मीच ठरवलं होतं," हेमांगीबाई म्हणाल्या. "तेव्हा गुडघे धड होते ना माझे."

दोघी घरी वळल्या. रस्त्याच्या लेखी आजही कुणी आलंच नव्हतं.